टोपलीत येईल ते शिजवायचं

श्रावणातल्या एखाद्या आठवड्याची, शेतावरून घरी आलेली भाजीची टोपली उघडली की साधारण असा ऐवज निघतो: अळूची एक जुडी, लाल माठाची एक, अर्धा किलो भेंडी, दोन-तीन दोडके, एक लांबलचक पडवळ, चार काकड्या, पाव किलो श्रावणघेवडा, मक्याची चार कणसं, मूठभर मिरच्या आणि वर खोचलेली गवती चहाची पाती. वजन पाच किलोच्या आसपास. फ्लॉवर नाही, गाजर नाही, मेथी नाही. टोमॅटो असलेच तर चार-पाच. मंडईत त्याच दिवशी हे सगळं रचून ठेवलेलं असतं, आणि शेतावरून थेट भाजी घ्यायला हौसेनं सुरुवात केलेली मंडळी इथेच पहिल्यांदा अडखळतात. भाजी ताजी आहे, चवीला उजवी आहे, रासायनिक औषध फवारलेली नाही, सगळं कबूल. पण सोमवारी डब्याला काय द्यायचं?

जे आलंय ते द्यायचं. एरवी आपण आधी बेत ठरवतो आणि मग पिशवी घेऊन बाहेर पडतो. टोपली घेणाऱ्या घरात आधी भाजी येते, बेत मागून ठरतो. बोलायला ही गोष्ट किरकोळ वाटते, पण स्वयंपाकघराची अख्खी घडी त्यानं बदलते, आणि पहिल्या तीन महिन्यांत जी घरं गळतात ती बहुतेक याच कारणानं गळतात. पैशाचं कारण सांगितलं जातं, ते फारसं खरं नसतं.

व्यवस्था कशी चालते ते आधी बघू. एखादं शेतकरी कुटुंब दीड-दोन एकर बागायत भाजीसाठी राखतं. शहरातली तीस-चाळीस घरं त्या शेताशी बांधून घेतात. हंगामाचे पैसे लागणीच्या वेळीच दिले जातात, कारण बियाणं, शेणखत, ठिबकच्या नळ्या, खुरपणीची मजुरी हा सगळा खर्च जूनमध्ये होतो आणि भाजी हाताशी लागते ऑगस्टमध्ये. मधल्या काळात शेतकरी एरवी उसनवारी करतो, नाहीतर आडत्याकडून उचल घेतो. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर घालावा लागतो, भाव काहीही निघो. आगाऊ पैशानं ही गाठ सुटते. बदल्यात घरांना दर आठवड्याला ठरल्या दिवशी शेतातला वाटा मिळतो. दुधाचा रतीब लावतात तसाच हा भाजीचा रतीब. फरक एवढाच की दुधाच्या रतिबात काय येणार ते ठाऊक असतं.

जपानमध्ये ही पद्धत १९७० च्या दशकात रुजली. तिथली सेंद्रिय शेती संघटना १९७१ साली उभी राहिली, आणि १९७८ साली या देवघेवीची दहा तत्त्वं लिहून ठेवण्यात आली. ‘तेइकेई’ हे तिचं तिथलं नाव. त्या दहांतलं एक तत्त्व मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: सल्लामसलत करून जे पिकवायचं ठरलं ते सगळं ग्राहकानं घ्यायचं, आणि आपला आहार शक्य तितका त्याच पिकावर बेतायचा. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर इथल्या दोन शेतांवर अशीच पद्धत सुरू झाली. तिची प्रेरणा जपानपेक्षा युरोपातल्या शेतांकडून आलेली होती. आपल्याकडे २०१६ साली राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे शेतातून थेट घरी माल पोचवण्याची वाट अधिक सरळ झाली. तरी आपल्याकडच्या बऱ्याच टोपल्या सगळं पीक घेण्याच्या त्या तत्त्वापाशीच सैल पडतात. ‘हे नको, ते द्या’ अशी मुभा दिली की शेतकरी बाजारातून माल भरायला लागतो, आणि मग ती टोपली राहत नाही, भाजीचं दुकान होतं.

आता शेताच्या बाजूचा हिशेब. समजा ४० घरं आहेत आणि दर घरी आठवड्याला ५ किलो भाजी द्यायची आहे. म्हणजे आठवड्याला २०० किलो आणि वर्षाच्या ४८ आठवड्यांना साडेनऊ टनांच्या पुढे. दोन एकरांत हे बसतं, पण दोन्ही एकर एका वेळी पिकाखाली नसतात. साधारण चौथा हिस्सा ताग किंवा धैंच्याखाली असतो. दीड महिन्यानं, फुलोरा येता येता, तो जमिनीत गाडायचा. शेणखताचा भाव बघता ज्याला बाहेरून खत आणायचं नाही त्याला हे टळत नाही.

खरी कसरत पेरणीच्या तारखांची. मेथी पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत काढणीला येते आणि आठवडाभर थांबली की जून होते, मग फुलावर जाते. म्हणून मेथीचा मोठा प्लॉट करून उपयोग नाही. ४० घरांना एकेक जुडी म्हणजे १० ते १२ किलो मेथी, आणि त्याला गुंठ्याचा पाचवा-सहावा हिस्सा पुरतो. तेवढाच वाफा दर आठ दिवसांनी टाकत राहायचा. पालकाचं बरं असतं, एकदा पेरला की तीन-चार कापण्या देतो. कोथिंबिरीला ४० ते ४५ दिवस, आणि धणे अख्खे न पेरता चपलेखाली किंवा फळीनं रगडून दोन फाकी करून पेरायचे, रात्रभर भिजवलेले असले तर आणखी बरं. अख्खा धणा टाकला की उगवण विरळ आणि मागेपुढे होते, मग एकाच वाफ्यात काही झाडं जुडीला आलेली आणि काही दोन पानांवर. भेंडीची तोडणी दिवसाआड, उन्हाळ्यात तर रोज. गवार दोन दिवस राहिली की दोरा धरते. वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपं आधी गादीवाफ्यावर चार-पाच आठवडे वाढवायची, मग लागण, मग आणखी दोन-सव्वादोन महिन्यांनी पहिला तोडा. कांद्याचं गणित आणखी लांबचं. रब्बी कांद्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकलं तर रोप डिसेंबर-जानेवारीत लागतं आणि कांदा निघतो एप्रिलमध्ये. तोच चाळीत चार-सहा महिने टिकतो. खरिपाचा कांदा दिसायला टपोरा असला तरी पाणी धरलेला असतो. तो टोपलीत आला की महिन्याच्या आत संपवायचा, साठवायचा विचारही करायचा नाही.

त्यामुळे ‘या आठवड्यात मेथी का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एक महिना मागे असतं. त्या आठवड्यात चार दिवस झड लागली, वाफ्यात पाणी तुंबलं आणि रोपं मुळाशी कुजली. आषाढ-श्रावणात पुण्याच्या पश्चिमेला मुळशी-भोरकडच्या शेतांवर हे इतकं हमखास होतं की जाणते शेतकरी त्या दिवसांत मेथी-कोथिंबिरीच्या नादी लागत नाहीत. पूर्वेला, पुरंदर-दौंडकडे पाऊस कमी, तिथे निभतं. पुरंदरचा पावसाळी मटार त्याच हवेची देणगी आहे. आपली टोपली सह्याद्रीच्या कुठल्या अंगाची आहे ते कळलं की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

पावसाळ्यात त्या जागी येतं अळू. शहरात हल्ली अळू म्हणजे सणाची भाजी होऊन बसलीय. टोपलीत ते सलग आठ-दहा आठवडे येऊ शकतं, कारण एकदा गड्डे लावले आणि मोरीचं पाणी का होईना पण ओल राहिली, की त्याला काही लागत नाही. भाजीचं अळू हिरव्या देठाचं, वडीचं काळपट देठाचं आणि जाड पानाचं. दोन्हींची सरमिसळ झाली तर वडीच्या अळूची भाजी होते, पण भाजीच्या अळूची वडी फाटते. घसा खाजतो तो पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून चिरताना हाताला तेल, आणि शिजवताना चिंच, आंबट चुका किंवा ताक, यांतलं काहीतरी हवंच. त्यासोबत भरपूर शिजवणंही हवं. अर्धकच्चं अळू कितीही आंबट केलं तरी खाजतं.

फदफद्यासाठी, म्हणजे अळूच्या पातळ भाजीसाठी, आठ-दहा पानं देठांसकट घ्यावी, देठ सोलून बोटभर चिरावे. पाव वाटी हरभरा डाळ आणि पाव वाटी शेंगदाणे दोन-तीन तास भिजवावे. पानं, देठ एका भांड्यात आणि डाळ-दाणे वेगळ्या भांड्यात कुकरला चांगले शिजवून घ्यावे. पानं गरम असतानाच दोन चमचे बेसन लावून डावानं घोटायची, आणि गार झाल्यावर घोटलं की गुठळ्या राहतात. मग मोहरी-हिंग-हळद आणि मेथीच्या पाच-सहा दाण्यांची फोडणी, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ, गोडा मसाला, खोबऱ्याचे काप. चिंचेचा कोळ डाळीबरोबर कुकरमध्ये टाकू नये, आंबटात डाळ शिजत नाही. मुळा हाताशी असला तर त्याच्या चकत्या घालाव्या, पण ऑगस्टच्या टोपलीत मुळा कोवळा मिळाला तर नशीब.

सणावारांच्या यादीकडे या अंगानं पाहिलं की गंमत वाटते. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी, म्हणजे चातुर्मासात कांदा-वांगं सोडण्याआधीची शेवटची चैन. भाद्रपदात ऋषिपंचमीची भाजी. बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, म्हणून परसात हातानं खणून लावलेलं जे असेल ते. त्यात अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, दोडका, लाल भोपळा, मक्याची कणसं, आंबटाला चिंच किंवा कोकणात आंबाडे. तेलाची फोडणी नाही, मसाला नाही, हिरवी मिरची, ओलं खोबरं आणि लोणी. ही यादी म्हणजे भाद्रपदातली टोपलीच आहे, एकही जिन्नस बाहेरून आणावा लागत नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा, आणि ज्यांनी वांगं सोडलेलं असतं त्यांची तिथून सुटका. तोवर थंडी पडलेली असते, वांग्यातली अळी कमी झालेली असते आणि भरताची वांगी भरात असतात. पौषात भोगीची भाजी, तीत वांगी, गाजर, घेवडा, वालाचे दाणे, ओला हरभरा, बोरं, तिळाचं कूट आणि सोबत बाजरीची भाकरी. धर्म म्हणून पाळा अथवा पाळू नका, पण टोपलीत आलेल्या सात प्रकारच्या मूठ-मूठभर भाज्यांचं काय करायचं या प्रश्नावर भोगीच्या भाजीइतका चोख उपाय दुसरा नाही. भोगीलाच ती करावी असंही काही नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी टोपली सात-आठ किलोंवर जाते. मेथी, पालक, मुळा, गाजर, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मटार, पावटा, वालपापडी, वांगी, टोमॅटो, कांद्याची आणि लसणाची पात, चाकवत, करडई, तुरीच्या ओल्या शेंगा. यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, या दिवसांत कुणीही चांगला स्वयंपाक करतं. हरभऱ्याच्या पाल्याबद्दल मात्र सांगायला हवं, कारण शहरातल्या मंडईत तो चांगला मिळत नाही. हरभरा पेरून महिना झाला की शेंडे खुडतात. खुडल्यानं झाडाला फांद्या फुटतात, घाटे वाढतात, म्हणजे भाजी ही पिकाच्या मशागतीतच निघते. फुलं लागेपर्यंत खुडणी चालते. पानांवर आंब असते, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाची, आणि सगळी चव तीच. म्हणून पाला खळखळून धुवायचा नाही, निवडून एकदाच पाण्यातून काढायचा. खुडलेला पाला पिशवीत कोंबून शहरापर्यंत आणला की दुपारपर्यंत काळा पडतो. चांगल्या शेतावर तो पहाटे न खुडता दंव ओसरल्यावर, नऊनंतर खुडतात आणि कागदात सैलसर गुंडाळतात. मराठवाड्यात कच्च्या पाल्याचा घोळाणा करतात: कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, मीठ, कच्चं तेल, झालं. उरलेला पाला सावलीत वाळवून चुरून बरणीत भरला की उन्हाळ्यात पिठलं-डाळीत पडतो.

फेब्रुवारीच्या शेवटी मुळ्याला तुरा येतो आणि मुळा पोकळ होतो. तेव्हा शेतकरी दोन-तीन ओळी मुद्दाम ठेवतो आणि टोपलीत डिंगऱ्या येतात, मुळ्याच्या शेंगा. त्या कोवळ्या असतानाच खाव्या, मोडल्यावर कट्कन तुटल्या पाहिजेत.

टोपली आली की पहिला अर्धा तास महत्त्वाचा. या अर्ध्या तासावर आठवडा निभतो. जुड्यांचे दोरे-रबर ताबडतोब काढायचे, दोऱ्याखालीच सडायला सुरुवात होते. मुळा, बीट, गाजर यांचा पाला दोन बोटं देठ ठेवून कापून टाकायचा. पाला तसाच ठेवला की तो मुळातलं पाणी ओढतो आणि दुसऱ्या दिवशी गाजर रबरासारखं वाकतं. पाला फेकायचा नाही, मुळ्याचा आणि बिटाचा तर नाहीच. पालेभाज्या धुऊन ठेवू नयेत. निवडून, कोरड्या सुती पंचात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात. ओली मेथी डब्यात घट्ट बंद केली की तिसऱ्या दिवशी वास मारते. कोथिंबिरीची मुळं न तोडता पेलाभर पाण्यात उभी करावी आणि वरून कापड टाकावं.

वांगी, भेंडी, काकडी, टोमॅटो यांना फ्रिजची थंडी सोसत नाही. दहा अंशांच्या खाली ती आतून बिघडतात: वांग्याला तपकिरी खड्डे पडतात, काकडी बुळबुळीत होते, टोमॅटोची चव जाते. दोन-तीन दिवसांत संपणार असतील तर ओट्याच्या कोपऱ्यात, ओलसर फडक्याखाली ठेवावी. टोमॅटो मात्र कोरडेच, आणि पिकत असलेल्या टोमॅटो-केळ्यांजवळ काकडी किंवा पालेभाजी ठेवू नये. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पानं पिवळी पडतात. कांदे-बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत. आणि मटार-मका त्याच दिवशी. काढल्यापासून त्यांच्यातली साखर पिठूळ व्हायला लागते, चौथ्या दिवशीचा मटार खाऊन ‘शेतावरच्या भाजीत काही विशेष नाही’ म्हणणं हा शेतावर अन्याय आहे.

आठवड्याचा क्रमही यातूनच पडतो. पहिले दोन दिवस पालेभाज्या, मटार, मका. मग भेंडी, गवार, वांगी, घेवडा. शेवटी दुधी, कोबी, भोपळा, मुळं-कंद. गुरुवारची टोपली असेल तर बुधवारी घरात कोबीच असतो आणि त्याला इलाज नाही.

काय बिघडलंय आणि काय बिघडलेलं नाही, हे ओळखता यायला हवं. वांग्याचं भोक हे त्याचं उत्तम उदाहरण. फळ पोखरणारी अळी लहान असताना देठाच्या टोपीखालून आत शिरते आणि ती जागा भरून येते, दिसत नाही. आपल्याला दिसतं ते ठसठशीत भोक बहुतेकदा अळी बाहेर पडल्याचं. म्हणजे भोकाचं वांगं रिकामं असू शकतं आणि तुकतुकीत वांग्यात अळी असू शकते. उपाय एकच, प्रत्येक वांगं उभं चिरून बघायचं, भरली वांगी करतानासुद्धा. किडका भाग काढला की बाकीचं खायला काही हरकत नाही. शेतावर यासाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग पकडणारे) लावतात, वाळून मान टाकलेले शेंडे आठवड्याला मोडून जाळतात, आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारतात (५ किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, १०० लिटर पाण्यात). तरी पावसाळ्यात पाचातलं एखादं वांगं किडकं निघणारच. एकही किडकं निघत नसेल तर मला उलट शंका येते.

टोमॅटोला देठाभोवती चिरा पडल्या असतील तर कोरड्या आठवड्यानंतर पाऊस झालेला असतो. असे टोमॅटो आधी वापरावे, सार करावं. बुडाशी काळा, दबलेला चट्टा असेल तर तो रोग पसरणारा नाही. पाणी कमीजास्त झाल्यानं फळाला कॅल्शियम पोचत नाही, म्हणून होतं. तेवढा भाग कापून टाकावा. फ्लॉवर-कोबीत हिरव्या बारीक अळ्या असतील तर तुरे सोडवून लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर मीठ घालून पंधरा मिनिटं ठेवावे, अळ्या तरंगतात. भेंडी पिवळट, शिरा उठलेल्या अशा येऊ लागल्या तर प्लॉटवर केवडा रोग आलाय असं समजावं आणि पुढचे काही आठवडे भेंडीची वाट पाहू नये, शेतकऱ्याला झाडं उपटावी लागणार.

एका बाबतीत मात्र अजिबात चालढकल नको. दुधी, काकडी, पडवळ, दोडका यांचा पातळ तुकडा चिरतानाच जिभेवर ठेवून बघावा. कडू लागला तर अख्खं फळ टाकून द्यावं. ताण पडलेल्या वेलाच्या फळात कुकुरबिटासिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. टोक कापून चोळल्यानं आणि फेस काढल्यानं कडूपणा जातो हा समज आजीपासून चालत आला असला तरी खोटा आहे.

वर्षात दोन वेळा टोपली खरोखर बारीक होते. एक, मेचा शेवट ते जुलैचा मध्य. विहिरीचं पाणी खाली गेलेलं, उन्हाळी पिकं दमलेली आणि खरिपाची अजून जमिनीत. तेव्हा कांदे, लसूण, लाल भोपळा, कोहळा, कैऱ्या, फणस, तांदुळजा, घोळ, चवळीच्या शेंगा एवढ्यावर भागतं. पाऊस सुरू झाला की डोंगराजवळच्या शेतांवरून टाकळा, कुर्डू, भारंगी, पुढे करटोली, असं न लावता उगवलेलं येतं. दुसरी खोट सप्टेंबरच्या शेवटी, पावसाळी वेल संपतात आणि हिवाळी भाजी तयार नसते. या आठवड्यांसाठी उन्हाळ्यातलं वाळवण असतं. एप्रिलमध्ये गवार किलो-किलो येते. ती मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं काढून, निथळून तीन-चार उन्हं द्यावी. कारल्याच्या काचऱ्या मीठ लावून, जाड मिरच्यांच्या सांडग्या मेथी-धण्याचा मसाला भरून, कोहळ्याचे सांडगे. फेब्रुवारी-मार्चात टोमॅटो पडत्या भावानं उरतात तेव्हा अर्धे चिरून, मीठ भुरभुरून चार-पाच दिवस उन्हात. वाळवण बिघडतं ते घाईनं बरणीत भरल्यानं. मोडून कट् असा आवाज आला पाहिजे आणि उन्हातून काढल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नये, नाहीतर आत घाम धरतो आणि आठवड्यात बुरशी येते. पावसाआधी एकदा सगळ्या बरण्या पुन्हा उन्हात.

पैसे भरण्याआधी काही गोष्टी स्पष्ट करून घ्याव्या. २६ आठवड्यांच्या हंगामात किती टोपल्या नक्की मिळणार? चार आठवड्यांची सूट शेतकऱ्यानं मागितली तर ती द्यावी, २६ पैकी २६ ची हमी देणारा बाजारातून माल भरणार हे उघड आहे. बाहेरचं काही घातलं तर तसं लिहून कळवणार का? शेजारच्या शेतकऱ्याचे बटाटे घातले तर वाईट काही नाही, पण सांगून. गारपीट झाली, विहीर आटली तर पैसे परत, पुढच्या हंगामात वळते, की तोटा वाटून घ्यायचा? आगाऊ पैशाचा अर्थ तोटा वाटून घेणं असाच आहे, असं माझं मत. ज्यांना तो मान्य नाही त्यांनी मंडईत जावं, मंडईत काही वाईट नाही. गावाला जाणार असाल तर किती दिवस आधी सांगायचं? चार दिवस तरी हवेत, कारण तोडणीचा हिशेब आदल्या दिवशी होत नाही. आणि रिकामी टोपली, कापडी पिशव्या, जुड्यांचे रबर परत करायचे.

दोन-तीन माणसांच्या घरानं अर्धी टोपली घ्यावी, किंवा शेजाऱ्याबरोबर एक. पूर्ण घेऊन पहिल्याच महिन्यात पालेभाज्या सडवल्या की उत्साह संपतो. सुरुवात करायला बहुतेक जण डिसेंबर निवडतात, तेव्हा टोपली भरगच्च आणि देखणी असते. मी म्हणेन, जूनमध्ये करा. पहिल्या सहा आठवड्यांत भोपळा, तांदुळजा आणि अळू यांच्यावर घर चालवता आलं, तर पुढचं वर्ष निभेल.